पोराच्या हाती जुना फोन देण्याआधी

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. ऊनच तसं असतं. त्यामुळे आमच्या नागपुरात उन्हाळ्याची सुट्टी लांब, आणि मे महिन्यात सकाळी दहानंतर पोराला बाहेर पाठवायची सोय नाही. मग पडदे ओढलेले, कूलर घरघरतोय आणि पोट्टं पलंगावर पालथं पडून फोनमध्ये. माझा मुलगा तेव्हा पाचवी संपवून सहावीत जायचा होता. हातात माझा जुना फोन. त्यात खातं माझं, यूट्यूब माझं, सेव्ह केलेले पासवर्डही माझेच.

एका दुपारी क्रिकेटची मॅच फुकटात दाखवणारी कुठलीशी साइट शोधताना त्याच्यासमोर जे उघडलं, ते त्या वयात बघण्यासारखं नव्हतं. त्याने फोन उशीखाली सरकवला आणि गप्प बसला. मला कळलं दोन दिवसांनी, हिस्ट्री बघताना. मी घाईघाईने मुलांसाठीचं म्हणून एक ‘सुरक्षित ब्राउझर’ ॲप टाकलं आणि निर्धास्त झाले. त्या ॲपच्या शेजारीच क्रोम तसाच उघडा पडलाय, हे लक्षात यायला आणखी आठवडा गेला.

तेव्हा जे उमगलं ते सुरुवातीलाच सांगते. गुगलचा फिल्टर फोनला लागत नाही, खात्याला लागतो. आईच्या खात्यावर चालणारा फोन पोराच्या हातात असेल, तर गुगलच्या लेखी तो फोन चाळीस वर्षांची बाईच वापरतेय, आणि चाळीस वर्षांच्या बाईला तो सगळं दाखवणार. म्हणून ॲप शोधत बसण्याआधी पोराचं स्वतःचं खातं करा. बाकीचं त्यावर उभं राहतं.

खाली लिहिलंय ते अँड्रॉइडसाठी, कारण आपल्याकडे पोरांच्या हाती बहुतेक तोच असतो. एक रिकामी संध्याकाळ, दोन्ही फोन, चार्जर आणि वाय-फाय एवढं जवळ ठेवा. पोराच्या फोनवर अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचं असावं. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की दिसतं.

आधी जुना फोन धुऊन काढा

फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. मग यूपीआयची सगळी ॲप्स आणि बँकेचं ॲप काढा. सिमकडे विशेष लक्ष द्या. बँकेला जोडलेला नंबर पोराच्या फोनमध्ये राहिला, तर ओटीपी त्याच्या हातात येतात. घरात वाय-फाय असेल तर पोराच्या फोनला सिमच नको, असं माझं मत. शाळेचे निरोप आपल्याच फोनवर येतात, येऊ द्या.

आता फोन कोरा करायचा. इथे क्रम चुकवू नका. आधी सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन आपलं गुगल खातं काढा, स्क्रीन लॉक काढा, आणि नंतरच फॅक्टरी रीसेट करा. आमच्या शेजारच्या काकूंनी नातवासाठी फोन द्यायचा म्हणून बाजूची बटणं दाबून थेट रीसेट मारला. फोन सुरू झाला आणि जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसला. चोरीचा फोन कुणाला वापरता येऊ नये म्हणून ही कुलपाची सोय असते, पण पासवर्ड काकूंनाही आठवेना. शेवटी सीताबर्डीला दुकानात खेप घालावी लागली.

पोराचं खातं

आपल्या फोनवर ‘गुगल फॅमिली लिंक’ हे ॲप टाका. फुकट आहे. त्यात मूल जोडायचा पर्याय आला की पोराचं नाव आणि जन्मतारीख भरा. तारीख खरी भरा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बरेच आईबाप (आणि कितीतरी मोठी भावंडं) ‘कटकट नको’ म्हणून वय वाढवून टाकतात, आणि नंतर विचारतात की फिल्टर काहून लागत नाही. तेरा वर्षांखालचं मूल असेल तर खात्यावर पालकाची देखरेख आपोआप येते. तेरा ओलांडलेल्या मुलाच्या आधीच्या खात्यालाही देखरेख जोडता येते, पण त्याच्या संमतीने.

ईमेल पत्ता ठरवताना त्यात पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि जन्मसाल असं सगळं कोंबू नका. पासवर्ड आपल्याजवळ. फोनचा पिन पोराला आणि आपल्याला, दोघांना माहीत असावा.

मग कोरा केलेला फोन सुरू करा आणि तिथे पोराच्या खात्याने साइन इन करा. मध्ये एका टप्प्यावर तो पालकाचा पासवर्ड मागेल, तो आपण स्वतः टाकायचा. एवढं झालं की आपल्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये पोराचं नाव दिसू लागतं.

फॅमिली लिंकमध्ये काय काय बदलायचं

अपडेट आला की मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण ‘कंट्रोल्स’ आणि त्याखाली ‘कंटेंट’च्या मर्यादा, असा रस्ता सापडतो.

क्रोमसाठी तीन पर्याय दिसतील. सगळ्या साइट्स चालू द्या. अश्लील साइट्स अडवायचा प्रयत्न करा. आणि फक्त मंजूर केलेल्याच साइट्स उघडू द्या. मी उत्साहात तिसरा निवडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग चालू, आणि माझ्या फोनवर पोराच्या परवानगीच्या विनंत्या टणाटण येऊन राहिल्या. बालभारतीचं पुस्तक उघडायचंय, विकिपीडिया उघडायचाय, आणि कसल्या तरी कोड्यांची साइट. मी दर पाच मिनिटांनी टेबलाखाली फोन धरून होकार देतेय. सात-आठ वर्षांच्या मुलाला तिसरा पर्याय चांगला, फक्त आधी बसून यादी भरून ठेवा: ई-बालभारती, मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, शाळेची साइट. अभ्यासाचं दीक्षा ॲप असेल तर ते वेगळं टाकून द्या. दहाच्या पुढच्या मुलाला मात्र दुसरा पर्यायच व्यवहारात टिकतो. त्यात ‘प्रयत्न’ हा शब्द आहे तो उगाच नाही, काहीबाही निसटतं. नको असलेली एखादी साइट नाव घालून कायमची बंदही करता येते. या खात्याने क्रोममध्ये इनकॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणारी, खिडकी उघडतच नाही, हा मोठा फायदा.

गुगल सर्चमध्ये सेफसर्च ‘फिल्टर’वर आहे ना, ते बघून घ्या.

प्ले स्टोअरमध्ये दोन गोष्टी करायच्या. वयाची मर्यादा लावा. आपल्याकडे ३+, ७+, १२+, १६+ आणि १८+ असे गट दिसतात. आणि प्रत्येक नव्या ॲपसाठी, फुकटच्या ॲपसाठीसुद्धा, आपली मंजुरी लागेल असं ठेवा. क्रोमला लावलेला फिल्टर फक्त क्रोमपुरता असतो. पोराने दुसरा ब्राउझर उतरवला की तो गेला. फुकटातलं व्हीपीएन ॲप (इंटरनेट आडवाटेने, दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारं) उतरवलं तर पुढे सांगते तो डीएनएसचा फिल्टरही गेला. नव्या ॲपची मंजुरी आपल्या हातात ठेवली की दोन्ही वाटा एकदमच बंद होतात, म्हणून मला विचाराल तर सगळ्या सेटिंगमधली ही सर्वांत कामाची. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी स्रोतांतली ॲप्स’ आणि ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ असतात, तीही इथूनच बंद करा. नाहीतर मित्राने पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, दारातून न येता खिडकीतून येते.

यूट्यूबला वेगळं बघावं लागतं. लहान असेल तर यूट्यूब किड्स; त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे गट आहेत, शिवाय ‘फक्त मी मंजूर केलेलंच’ असाही पर्याय आहे. थोडा मोठा असेल तर देखरेखीखालचं साधं यूट्यूब, ज्यात ‘एक्सप्लोअर’ ही पायरी नऊ वर्षांपुढच्यांसाठी आणि ‘एक्सप्लोअर मोअर’ तेरापुढच्यांसाठी. सहावीतल्या पोराला ‘एक्सप्लोअर’ पुरे.

वेळेची मर्यादा आणि झोपेची वेळही याच ॲपमध्ये लावता येते. तो वेगळाच तंटा आहे, इथे त्यात शिरत नाही.

दुसरी जाळी: प्रायव्हेट डीएनएस

आपण साइटचं नाव टाकतो, पण फोनला लागतो तिचा आकड्यांतला पत्ता. नावावरून पत्ता सांगणारी जी इंटरनेटची डायरी, ती डीएनएस. काही कंपन्या अशी डायरी चालवतात की अश्लील साइटचं नाव विचारलं तर पत्ताच सांगायचा नाही. पत्ता नाही, तर साइट उघडणार कशी? ही जाळी क्रोमपुरती नसते. फोनमधल्या कोणत्याही ब्राउझरला लागते, आणि वाय-फाय असो की मोबाइल डेटा, दोन्हींवर चालते.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘प्रायव्हेट डीएनएस’. सॅमसंगवर ‘कनेक्शन्स’मध्ये ‘मोअर कनेक्शन सेटिंग्ज’, शाओमी आणि रियलमीवर ‘कनेक्शन अँड शेअरिंग’मध्ये. नाहीच सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत टाइप करा. तिथे होस्टनेम, म्हणजे डायरीवाल्याचं नाव, टाकायचा पर्याय निवडून लिहा: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम. इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये कुठेही जागा न सोडता, ‘डॉट’च्या जागी टिंब आणि ‘हायफन’च्या जागी आडवी रेघ. पुढे ‘एचटीटीपीएस’ वगैरे काही नको. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची ही फुकट सेवा २०२० मध्ये सुरू झाली. ती अश्लील साइट्स आणि फोनला घातक अशा साइट्स दोन्ही अडवते.

सेव्ह केल्यावर इंटरनेटच गेलं आणि ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा निरोप आला, तर घाबरू नका, स्पेलिंग तपासा. मी ‘क्लाउडफ्लेअर’मधला शेवटचा ‘ई’ विसरले होते आणि पाऊण तास राउटरला शिव्या घालत होते. अजून एक: स्टेशनवर किंवा हॉटेलात आधी लॉगिनचं पान उघडणारं वाय-फाय असतं, तिथे हे सेटिंग कधीकधी आडवं येतं. तेवढ्यापुरतं बंद करून परत लावायचं.

ही जाळी कुठे तोकडी पडते तेही सांगते. डायरी फक्त नाव बघते, पानात काय आहे ते नाही. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामचं नाव चांगलं आहे, म्हणून ते उघडतं. आत काय दिसेल यावर तिचा ताबा नाही. आणि आमच्या फोनवर तरी हे सेटिंग पोरालाही बदलता येतं. म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघते.

तपासल्याशिवाय उठू नका

फिल्टर लागला का हे बघायला खरोखरची घाण साइट उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने त्यासाठीच एक निरुपद्रवी पत्ता ठेवलाय: न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम. पोराच्या फोनवर तो उघडू नये. आपल्या फोनवर उघडतो आणि त्याच्या फोनवर नाही, असं दिसलं की जाळी लागली. घरचं वाय-फाय बंद करून आपल्या हॉटस्पॉटवर पुन्हा बघा.

त्यानंतर क्रोममध्ये इनकॉग्निटोचा पर्याय दिसतो का बघा. प्ले स्टोअरमधून कुठलंही व्हीपीएन उतरवायला घ्या. आपल्या फोनवर मंजुरीची विनंती यायला हवी. काही शाओमी फोनांत ‘सेकंड स्पेस’ नावाची दुसरी खोली असते, सॅमसंगमध्ये ‘सिक्युअर फोल्डर’ असतो, कुठे पाहुण्यांचं खातं असतं. हे आधीपासून उघडलेलं नाही ना, ते पाहा.

हे सगळं मी पोराला शेजारी बसवून केलं. आधी तो फुरंगटला. मग त्यालाच सांगितलं, आता तूच भोक शोधून दाखव. त्याला ते फारच आवडलं. त्याने काय शोधलं ते शेवटी सांगते.

जे गाळलं जात नाही, आणि जे उगाच गाळलं जातं

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ यातली एकही जाळी अडवत नाही. कंपनीच्याच नियमाने व्हॉट्सॲप तेरा वर्षांपुढच्यांसाठी आहे, तेव्हा त्याआधी ते पोराच्या फोनवर नकोच. पुढे दिलंच, तर ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मीडियाचं आपोआप डाउनलोड बंद करा, आणि ‘प्रायव्हसी’मध्ये ‘ग्रुप्स’साठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा, म्हणजे कुणीही अनोळखी त्याला ग्रुपात ओढू शकणार नाही.

उलट बाजूही आहे. माझा भाचा दहावीत, विज्ञानाचं पुस्तक उघडून बसलेला. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’, म्हणजे प्रजननाचा धडा. त्याच्या फोनवर कडक फिल्टर. अभ्यासाच्या दोन साइट्स अडल्या, आणि बापाला विचारायची हिंमत नाही. मला म्हणतो, “मावशी, मी काही वाईट नव्हतो शोधून राहिलो.” मोठ्या मुलांचा फिल्टर लावताना हे आठवा. अडलेलं पान दिसलं की त्याने न लाजता आपल्याला दाखवावं, आपणही न ओरडता ते उघडून द्यावं, एवढं आधीच ठरवून घ्या.

पोराला ऑनलाइन कुणी धमकावत असेल, फोटो मागत असेल, तर तिथे फिल्टरचा उपयोग नाही. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३०, हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आयफोन आणि लॅपटॉप थोडक्यात

आयफोन, आयपॅडवर वेगळं ॲप लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन टाइम’, त्यात ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’, तिथे वेब कंटेंटसाठी ‘लिमिट ॲडल्ट वेबसाइट्स’. याने सफारीतलं खाजगी ब्राउझिंगही बंद होतं. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, एवढी एकच गोष्ट लोक चुकतात.

विंडोजच्या लॅपटॉपवर पोराचा वेगळा यूजर करा, ॲडमिन नव्हे, साधा. मग ‘मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी’मध्ये त्याला जोडा. तिथला वेब फिल्टर एज ब्राउझरमध्ये चालतो आणि नेहमीचे इतर ब्राउझर अडवतो. पोर ‘क्रोम चालत नाही’ म्हणून ओरडलं, तर ते बिघडलेलं नाही.

शेवटचं काम: राउटर

भोक शोधायला बसवलेला माझा पोरगा दहा मिनिटांत परत आला. “आई, टीव्हीवर तं सगळंच चालते.” खरंच होतं. हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब त्याच्या बाबांच्या खात्याने उघडं, ब्राउझरही त्यातच. फोनला दोन जाळ्या आणि बेचाळीस इंचाची खिडकी सताड.

टीव्हीच्या यूट्यूबमध्ये सेटिंग्जला जाऊन ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करता येतो, पण रिमोट ज्याच्या हातात तो बंदही करू शकतो. म्हणून मी राउटरवरच डीएनएस बदलला. मग घरातल्या वाय-फायवरचं प्रत्येक उपकरण त्या जाळीतून जातं. राउटरच्या सेटिंगचं पान उघडायला फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, जिओफायबर असेल तर १९२.१६८.२९.१ (अर्थात इंग्रजी आकड्यांत). राउटरचा पासवर्ड बहुधा त्याच्या बुडाला चिकटवलेला असतो. आत डीएचसीपी किंवा लॅनच्या पानावर ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ डीएनएस असे दोन रकाने असतात. टीव्हीच्या यूट्यूबसाठी मी इथे क्लीनब्राउझिंग या दुसऱ्या डीएनएस सेवेचा फॅमिली फिल्टर घातला: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो क्लाउडफ्लेअरपेक्षा कडक आहे; गुगल, बिंग आणि यूट्यूब तिन्ही सुरक्षित मोडवर नेऊन ठेवतो, व्हीपीएनच्या साइट्सही अडवतो.

दोन्ही रकान्यांत फिल्टरचेच आकडे घाला. दुसऱ्यात सवयीने गुगलच्या बिनफिल्टर डीएनएसचा ८.८.८.८ घातला, तर अर्धी विचारणा तिकडून निसटते. आकडे घालूनही टीव्हीवर काही फरक पडला नाही, तर आयपीव्ही सिक्सचे (नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचे) वेगळे रकाने रिकामे राहिलेत का ते बघा. तिथे भरायचे पत्ते क्लीनब्राउझिंगच्या साइटवर मिळतात. मग राउटर आणि टीव्ही दोन्ही बंद करून चालू करा. रकानेच दिसले नाहीत तर नेटवाल्याला फोन करून विचारा, काही राउटरांत ते लपवलेले असतात.

आमच्याकडे हे रात्री नऊला लागलं. साडेनऊला नवरोबांचा आवाज: यूट्यूबवर बातम्यांखालच्या कमेंटच दिसत नाहीत. सुरक्षित मोडमध्ये कमेंट जातात, त्याला इलाज नाही. त्यांच्या फोनपुरता उपाय सोपा होता. प्रायव्हेट डीएनएसमध्ये त्यांच्यासाठी गुगलच्याच बिनफिल्टर डीएनएसचं नाव, ‘डीएनएस डॉट गुगल’, टाकून दिलं, की तो एक फोन राउटरच्या जाळीतून बाहेर. तुमच्या घरीही ही तक्रार येणारच. उपाय करून द्या, फक्त त्या वेळी पोराला दुसऱ्या खोलीत पाठवा.